नेट दिवसातून पाच-सहा वेळा जातंय, लाइनमन म्हणतोय सगळं ओके. करायचं काय?

मागवाला_वडगाव · सोमवार, रात्री ९.१२

नमस्कार मंडळी. घर बेळगावात, वडगावला. खाली चार माग, वर आम्ही राहतो. मी मागावर बसत नाही. जेकार्डची डिझाइनं कंप्युटरवर काढतो आणि गिऱ्हाइकाला पाठवतो. फायबरचं कनेक्शन आहे, ६० एमबीपीएसचं. वेग मोजला तर ५५-५८ दाखवतोय, त्यात काय खोट नाही. खरं दिवसातून पाच-सहा वेळा नेट जातंय. दोन-तीन मिनिटं जातंय आणि आपोआप परत येतंय. वेळ ठरलेली नाही. कधी सकाळी, कधी दुपारी, कधी दिवसभर काहीच नाही. काल ८०० एमबीची फाइल ९० टक्क्यांवर गेली आणि बसली. परत पहिल्यापासून.

तीनदा तक्रार केली. लाइनमन येतोय तेव्हा नेट नेमकं सुरू असतंय. दिवे बघतोय, स्वतःच्या मोबाइलवर वेग मोजून दाखवतोय आणि "एल्ला सरी ऐत्रि" म्हणून निघून जातोय. चौथ्यांदा फोन केला तर "नाळि बर्तेन्री" म्हणाला. त्या 'उद्या'ला आता आठ दिवस झाले.

विंडोज नव्यानं टाकून बघितलं. काही फरक नाही. गणपतीपर्यंत सगळं व्यवस्थित होतं हो.

निपाणीकर · सोमवार, रात्री ९.४०

डीएनएस बदल भावा. ८.८.८.८ नाहीतर १.१.१.१ घाल. माझं त्यानंच सुटलं होतं. तोवर मोबाइलचा हॉटस्पॉट वापर. आमच्याकडं गच्चीवर एका कोपऱ्यात उभं राहिलं की पल्याडचा टॉवर लागतोय, हिकडच्यापेक्षा बरा चालतोय.

आरपीडी_क्रॉस · सोमवार, रात्री १०.०५

कंपनी बदल. विषय संपला. या लोकांना गिऱ्हाईक सोडून गेल्याशिवाय जाग येत नाही.

लोंढा_जंक्शन · सोमवार, रात्री १०.५१

थांबा जरा. टेलिफोन खात्यात जन्म गेला माझा, तांब्याच्या तारांच्या काळापासून बघतोय. येऊन-जाऊन असणारा दोष हा कायमच्या दोषापेक्षा दसपट अवघड, कारण डॉक्टर आला की ताप उतरलेला असतो. त्या लाइनमनला शिव्या घालू नका. बिचाऱ्याला दिसतं ते तो सांगतोय.

निपाणीकर, तुमचं डीएनएस यांना लागू नाही. डीएनएस म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणारी सोय, ती बिघडली की नावानं उघडणाऱ्या साइट अडतात, पण जे आधीच सुरू आहे ते सहसा सुरू राहतं. यांची चढणारी फाइल मध्येच मेली. म्हणजे रस्ताच तुटला. रस्त्यावरच्या पाट्या पुसल्या गेल्या, एवढंच झालेलं नाही.

मागवाले, मला तीन गोष्टी सांगा. एक, कंप्युटर वायफायवर आहे की वायरवर? दोन, नेट जातं तेव्हा घरातल्या मोबाइलचं पण जातं का? तीन, त्या वेळी फायबरच्या डब्यावर कुठले दिवे असतात? 'पॉन' हिरवा स्थिर हवा. 'लॉस' नावाचा दिवा लाल लुकलुकत असेल तर बाहेरून प्रकाशच येत नाही, मग भांडण कंपनीशी.

आणि एक काम करा. काळ्या खिडक्या दोन उघडा, कमांड प्रॉम्प्टच्या. एकीत पिंग १९२.१६८.१.१ -टी, दुसरीत पिंग ८.८.८.८ -टी. पिंग म्हणजे समोरच्या यंत्राला सतत हाक मारून उत्तर येतंय का ते बघणं. (इंग्रजीत टाइप करा, नाहीतर उद्या विचाराल चालत नाही म्हणून. तुमच्या राउटरचा पत्ता वेगळा असेल तर डब्याखालच्या स्टिकरवर बघा.) पहिली खिडकी म्हणजे कंप्युटर ते तुमच्याच घरातला डबा. दुसरी म्हणजे डब्याच्या पलीकडचं जग. नेट गेलं की कुठली खिडकी अडखळते ते बघायचं. पहिली सुरळीत आणि दुसरी बंद असेल तर लाइन. पहिलीच बंद पडली तर दोष घरात.

सोबत एक वही. गेलेली वेळ, आलेली वेळ. पिंग वेळ लिहून ठेवत नाही, ती तुम्हीच लिहायची.

मागवाला_वडगाव · सोमवार, रात्री ११.२०

कंप्युटर वायफायवर, मागं यूएसबीचा डोंगल आहे. बाकीचं उद्या बघून सांगतो.

खानापूरची_सून · मंगळवार, सकाळी ८.३०

आमच्याकडे असंच झालं होतं, पण आमची कंपनीचीच चूक निघाली, म्हणून सांगते. माहेर कोल्हापूर, लग्न होऊन खानापूर तालुक्यात आले. घर जुनं, जांभ्याच्या भिंती, वर मंगळुरी कौलं. फायबरची वायर फणसावरून आलेली आणि त्या फणसावर वानरांचं बिऱ्हाड. पावसात दिवसभर नेट लपंडाव खेळायचं. राउटरच्या सेटिंगच्या पानावर एक 'आरएक्स पॉवर' नावाचा, येणाऱ्या प्रकाशाच्या ताकदीचा आकडा असतो, तो आमच्याकडे उणे २९ होता. लाइनमनला तो आकडा वाचून दाखवला, तेव्हा कुठे त्यानं शिडी आणली. झाडावरचा जोड नव्यानं केला, आकडा उणे २१ वर आला. तेव्हापासून वानरं आहेत, नेट पण आहे.

लोंढा_जंक्शन · मंगळवार, सकाळी ९.१५

शाब्बास सूनबाई. आकडा दाखवला की वाद मिटतो.

हा आकडा डीबीएममध्ये असतो. उणे २७-२८ च्या खाली गेलं की घरातल्या डब्याला प्रकाश नीट वाचता येत नाही. उणे ८ पेक्षा जास्त तेज झालं तरी डोळे दिपल्यासारखं होतं, पण ते क्वचित. दर ३ आकडे उतरले की प्रकाश निम्मा. म्हणजे २१ वरून २९ ला सूनबाईंचा प्रकाश सहापट कमी झाला होता. उणे २९ ला डबा एकदम मरत नाही, काठावर लटकतो. वारा आला की गेला, वारा पडला की आला.

फायबर खिळ्याला गुंडाळू नका, घट्ट वाकवली की आतला प्रकाश बाहेर सांडतो. आणि उघड्या टोकात डोळा घालून "लाइट येतोय का" असं कुणी बघू नका. घराकडे येणारा तो प्रकाश १४९० नॅनोमीटरचा असतो, डोळ्याला दिसतच नाही. दिसत नाही म्हणून निरुपद्रवी, असं नाही.

मागवाला_वडगाव · मंगळवार, रात्री ९.३०

आकडा बघितला. उणे १९.

आणि नेट आज चारदा गेलं. दोन्ही खिडक्या एकदमच बंद! आईच्या मोबाइलचं पण गेलं. दुपारी धावत जाऊन डबा बघितला तर पॉवरचा दिवा होता, बाकीचे एक-एक करून लागत होते. लाल काय दिसलं नाही, दिसलं असलं तरी आधीच विझलं असेल.

लोंढा_जंक्शन · मंगळवार, रात्री ९.४८

दिवे एक-एक करून लागत होते? मग तुमचं नेट गेलंच नव्हतं. डबाच बंद पडून परत सुरू झाला.

तुमच्या पहिल्या पोस्टमधलं वाक्य परत वाचा : "दोन-तीन मिनिटं जातंय आणि आपोआप परत येतंय." मला तिथंच शंका आली होती. वायफाय सुटलं तर काही सेकंदांत परत धरतं. लाइन तुटली तर तासन् तास जाते. दोन-तीन मिनिटं हा डब्याचा उठून तोंड धुण्याचा वेळ आहे. उठायचं, प्रकाश पकडायचा, कंपनीकडे हजेरी लावायची, पत्ता घ्यायचा आणि मग वायफाय.

राउटरच्या पानावर 'अपटाइम' बघा, डबा किती वेळ सलग जागा आहे ते कळेल.

मागवाला_वडगाव · मंगळवार, रात्री ९.५५

४ तास ३१ मिनिटं. म्हणजे ५.२४ ला सुरू झालाय. वहीत शेवटची वेळ ५.२१ लिहिलीय!! मी तर डब्याला हात पण लावला नाही.

आरपीडी_क्रॉस · मंगळवार, रात्री १०.३०

डबा खराब. कंपनीनं फुकट बदलून द्यायला पाहिजे. ग्राहक न्यायालयात खेचा.

लोंढा_जंक्शन · मंगळवार, रात्री १०.४४

साहेब, कोर्टाच्या आधी डॉकेट नंबर असतो. दर तक्रारीला तो मागून घ्यायचा, तक्रार मिटली नाही की त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जायचं. ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामकाच्या, २०१२ च्या नियमांत ही दोन पायऱ्यांची सोय आहे. पण आपण अजून तिथवर आलेलो नाही.

वही चालू ठेवा, मागवाले. अजून दोन दिवस.

मागवाला_वडगाव · गुरुवार, रात्री ९.०५

वही :

मंगळवार – ७.०५, ९.५०, १.३५, ५.२१
बुधवार – ७.१०, १.४०, ५.१५
गुरुवार – एकदा पण नाही

मला तर यात काय डोंबलाचं समजत नाही. आज मुद्दाम दिवसभर सिनेमे लावून ठेवले, तरी हललं नाही.

खानापूरची_सून · गुरुवार, रात्री ९.२२

भाऊ, सातला आणि दीडच्या पुढं तुमच्या घरात काय सुरू होतं? आमच्याकडे पाण्याची मोटार चालू केली की ट्यूबलाइट डोळा मारते. तसं काही?

मागवाला_वडगाव · गुरुवार, रात्री ९.३१

अगं बाई.

माग.

सातला आप्पा माग सुरू करतात. पावणेदहाला चहा, मग परत सुरू. दीडला जेवण उरकून. पाचला चहा. आणि आज सूत आलं नाही म्हणून चारी माग दिवसभर बंद!

खरं एक शंका आहे. माग माझ्या जन्माच्या आधीपासून आहेत, नेट येऊन दोन वर्षं झाली. दोन वर्षं दोघं एका घरात नांदले आणि आत्ताच का भांडायलेत?

चंदगडी_पाव्हणा · गुरुवार, रात्री ९.४०

मर्दा, तुझ्या आप्पांनाच लाइनमन समजून तक्रार कर. ते तरी उद्या येतील.

लोंढा_जंक्शन · गुरुवार, रात्री १०.१०

प्रश्न अगदी बरोबर विचारलात. माग हा निमित्त आहे, गुन्हेगार नाही.

मोटार थेट सुरू केली की पहिल्या क्षणाला नेहमीच्या पाच ते सातपट करंट ओढते. चार मोटारी पाठोपाठ सुरू केल्या की घरातलं व्होल्टेज क्षणभर खाली बसतं. पण चांगला अडॅप्टर १०० ते २४० व्होल्टवर चालतो, त्याच्या अंगावर तसं लिहिलेलंच असतं. २३० चं १७० झालं तर त्याला कळणार पण नाही. दोन वर्षं त्याला कळलं नाही ते म्हणूनच. आता कळायला लागलंय, म्हणजे अडॅप्टर म्हातारा तरी झाला, नाहीतर बदलला गेला.

तुम्ही लिहिलंय, गणपतीपर्यंत सगळं व्यवस्थित होतं. गणपतीत काय हलवलं?

डब्याच्या पोटावर लिहिलेलं वाचा, मग अडॅप्टरच्या पोटावरचं वाचा. दोन्ही इथं टाका.

मागवाला_वडगाव · गुरुवार, रात्री १०.२६

डबा : १२ व्होल्ट, १.५ अँपिअर.
अडॅप्टर : १२ व्होल्ट, १ अँपिअर.

सांगतो काय झालं ते. गणपती बसवायला टीव्हीचं कपाट हलवलं होतं. सेट-टॉप बॉक्स आणि नेटचा डबा शेजारी-शेजारी. दोन्हीचे अडॅप्टर काळे, दोन्हीची पिन सारखी. विसर्जनानंतर परत लावताना आदलाबदल झाली. लावणारा मीच. आता सेट-टॉपच्या मागं बघितलं, तिथं १.५ वाला बसलाय, आणि लाइनमनच्या नावानं गेला महिनाभर मी शंख करायलोय.

अदलाबदल करून टाकली.

लोंढा_जंक्शन · गुरुवार, रात्री १०.४०

व्होल्ट सारखे होते म्हणून डबा जळला नाही, नशीब समजा. ९ व्होल्टच्या डब्याला १२ चा लावला असता तर आज धागाच वेगळा असता. अँपिअर जास्त चालतात, कमी चालत नाहीत. दीड अँपिअरच्या डब्याला कायम दीड लागत नाही, म्हणून एकवाला एरवी ओढून नेत होता. त्याच्यात शिल्लक काही उरत नव्हती, त्यामुळे मागांनी जरा ढुशी दिली की कोसळायचा.

उद्या सकाळी सातला आप्पांच्या शेजारी उभे राहा आणि कळवा.

अडॅप्टरवर पांढऱ्या शाईनं 'नेट', 'टीव्ही' लिहून टाका. एवढं केलं असतं तर चार दिवस माझी झोपमोड झाली नसती.

मागवाला_वडगाव · शुक्रवार, सकाळी ७.१९

चारी माग सुरू. दोन्ही खिडक्या पळायल्यात. एक पण पिंग चुकलं नाही!!

आरपीडी_क्रॉस · शुक्रवार, सकाळी १०.०२

छान. तरी पण मी म्हणतो, कंपनी बदलली असती तरी सुटलं असतं.

लोंढा_जंक्शन · शुक्रवार, सकाळी १०.३०

सुटलं असतंच की! नव्या कंपनीनं नवा डबा आणि नवा अडॅप्टर दिला असता. मग तुम्ही चार गल्ल्यांत सांगत फिरला असता की जुनी कंपनी भिकार आणि नवी झकास. अशा गावगप्पांवर लोक कंपन्या निवडतात.

मागवाला_वडगाव · रविवार, दुपारी ३.४५

परत मीच. शुक्रवारपासून डबा एकदाही बंद पडला नाही, अपटाइम दोन दिवसांच्या वर गेलाय. खरं कंप्युटरचं नेट अजून अधेमधे जातंय. या वेळी दहा-वीस सेकंदच. मोबाइल सुरू राहतोय. पहिली खिडकी बंद पडतीय, म्हणजे घरातलाच दोष, एवढं आता मला पण कळतंय. दुसरा चोर आहे का काय?

लोंढा_जंक्शन · रविवार, दुपारी ४.१०

आहे. पहिल्याच्या गोंगाटात लपला होता. आता तोही दिसला.

मोबाइल चालतो, कंप्युटर सुटतो. मग संशय डोंगलवर. दोन जागा बघा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क अडॅप्टर उघडा, पॉवर मॅनेजमेंटच्या पानावर 'वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करायला परवानगी' अशा अर्थाची चौकट असते, तिथली टिक काढा. विंडोज काटकसर करायला जातं आणि डोंगलला झोपवतं.

दुसरं, डोंगल कुठं खोचलाय आणि त्याच्या शेजारी काय आहे?

मागवाला_वडगाव · रविवार, दुपारी ४.३३

टिक काढली. डोंगल मागच्या बाजूला, निळ्या यूएसबीत. शेजारच्या निळ्यात बाहेरची हार्ड डिस्क, डिझाइनांचा बॅकअप तिच्यावर जातोय. कॅबिनेट लोखंडी, भिंतीला चिकटून.

लोंढा_जंक्शन · रविवार, दुपारी ४.५०

बॅकअप सुरू असताना नेट सुटतं का, ते वहीत बघा. निळं यूएसबी म्हणजे यूएसबी ३. त्याच्यावरून माहिती पळायला लागली की २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास खरखर पसरते, आणि तुमच्या डोंगलचं वायफाय नेमकं तिथंच बोलतं. मागं लोखंड, कानाशी हार्ड डिस्क. त्या बिचाऱ्याला ऐकू काय येणार?

स्वस्तातला उपाय म्हणजे मीटरभर यूएसबीची एक्स्टेन्शन वायर घेऊन डोंगल टेबलावर आणा. खरा उपाय म्हणजे डब्यापासून कंप्युटरपर्यंत लॅनची वायर. रोजीरोटी ज्या कंप्युटरवर आहे त्याला वायफायवर ठेवू नये, हे माझं मत. पटलं तर घ्या.

खानापूरची_सून · रविवार, सायंकाळी ६.१५

मी पण वायरच ओढली. जांभ्याच्या दोन भिंतींपलीकडे ५ गिगाहर्ट्झ पोचतच नाही, आणि २.४ वर मायक्रोवेव्ह लावला की मीटिंगमध्ये माझा आवाज रोबोटसारखा येतो म्हणे. सासूबाईंना वाटलं होतं मी वायर जेवणघरातून नेणार. नेली माळ्यावरून.

मागवाला_वडगाव · बुधवार, रात्री ८.५०

वायर ओढली. गणपत गल्लीतून क्लिप आणल्या, जिन्यातून खाली-वर पंधरा मीटर लागली. टोकं माझ्या मित्रानं दाबून दिली. चालायलंय, खरं कंप्युटर वेग १०० दाखवतोय. डबा गिगाबिटचा आहे, १००० दाखवायला पाहिजे ना?

लोंढा_जंक्शन · बुधवार, रात्री ९.०५

मित्राची एखादी तार बसलेली नाही. आत आठ तारा, चार जोड्या. १०० ला दोन जोड्या पुरतात, १००० ला चारी लागतात. एक जोडी लंगडी असली की दोन्ही बाजू गुपचूप १०० वर समझोता करतात. तुमचं कनेक्शन ६० चं, त्यामुळे आज फरक पडणार नाही. पण आज लंगडी ती उद्या तुटकी, आणि पुढच्या महिन्यात तुम्ही परत धागा काढाल. दोन्ही टोकं कापून नव्यानं दाबून घ्या. क्रम : पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्हीकडे हाच.

मागवाला_वडगाव · शनिवार, रात्री ९.२०

१००० आलं. काल एक जीबीची फाइल अडीच मिनिटांच्या आत गेली, खाली माग सुरू असताना. लोंढ्याच्या काकांना आणि खानापूरच्या वहिनींना नमस्कार. काल लाइनमन पण आला, अठरा दिवसांनी. त्याला चहा पाजला.

खरं एक भानगड झालीय. एक अँपिअरवाला अडॅप्टर परत सेट-टॉपला लावला ना, आता आप्पांनी माग सुरू केले की आईची मालिका बंद पडायलीय.

लोंढा_जंक्शन · शनिवार, रात्री ९.२८

तो अडॅप्टर म्हातारा पण आहे म्हणजे. नवा आणा. बारा व्होल्ट, एक किंवा जास्त.

मागवाला_वडगाव · रविवार, सकाळी ११.४०

आणला. दोनाचा. लेबल पण लावलं. आईच्या हस्ताक्षरात.